पुढे जाताना वाजणारा रिव्हर्स

काच वाहून नेणाऱ्या गाडीत कुणी बोलत नाही. रेडिओ लावत नाहीत, फोन आवाज बंद करून खिशात ठेवतात आणि चालकाच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी असते. मागे हौद्यात उभ्या लावलेल्या तावदानांपैकी एखादं लोकरी नमद्याच्या पट्टीवरून सरकलं, तर ते शेजारच्या काचेला टेकून बारीक टिकटिक करतं. ती ऐकू आली तर गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. नाही आली, तर पुढच्या खड्ड्यात सगळी रांग जाते. बघणाऱ्याला हा धंदा हातांचा वाटतो. करणाऱ्याला माहीत असतं की तो कानांचा आहे.

हळूशेठ या धंद्यात चौतीस वर्षं आहेत. हे नाव त्यांना काचेच्या वखारीतल्या हमालांनी ठेवलं. माल भरलेला असताना तिसाच्या पुढे काटा नेत नाहीत म्हणून ‘हळू’, आणि ‘शेठ’ निव्वळ चेष्टेने. शेठ म्हणावं अशी त्यांची मालमत्ता म्हणजे एक पिकअप, काचा टेकवायची एक उतरत्या बाजूंची लोखंडी घोडी आणि तावदानाचं दुसरं टोक धरायला एक मेहुणा. जुनी पिकअप एकोणीस वर्षं चालली. नवी घेऊन चौदा महिने झालेत. जुनीने त्यांना पंक्चरशिवाय कधी रस्त्यात उभं केलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. घोडीवर दुकानाच्या दर्शनी भागाच्या सहा मोठ्या काचा होत्या, तीन इकडे, तीन तिकडे. मेहुणा नेहमीप्रमाणे स्कूटरवर पुढे गेला होता. चौकटीचं माप पुन्हा एकदा घ्यायचं आणि काच उतरवायला जागा मोकळी करून ठेवायची, हे त्याचं काम. कालव्याच्या कडेचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. आणि मागून सुरू झालं: टीट, टीट, टीट. गाडी मागे घेताना मागच्या माणसांना सावध करायला वाजतो, तो आवाज.

हळूशेठनी गिअरकडे पाहिलं. तिसराच. गाडी पुढे चालली होती आणि सगळ्या रस्त्याला सांगत होती की मी मागे येतेय. त्यांनी आरशात पाहिलं. काचांमधून कालव्याकाठची झाडं मागे सरकत होती, तीन काचांत तीन रांगा, एकीमागे एक. शेवटची रांग नुसती सावली होती. त्यांनी गाडी थांबवली, उतरून भोवती एक चक्कर मारली. मागे कुणी नव्हतं. आवाजही थांबला होता.

आठवड्याभराने इंजिन बंद पडलं. पडलं म्हणजे श्वास अडकावा तसं क्षणभर अडकलं आणि पुन्हा सुरू झालं. त्यानंतर भर दुपारी मागचे दिवे लागले आणि गेले. मग पुन्हा ती टीट-टीट.

सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘माल उतरवूनच गाडी आत आणावी’. पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने घोडी बघून विचारलं, “हे काय खोगीर चढवलंय? काढून या.” तेव्हापासून हळूशेठ प्रत्येक वेळी घोडीचे चार बोल्ट खोलत, मेहुण्याच्या मदतीने ती अंगणात उतरवून ठेवत, हौदा झाडत आणि मगच गाडी नेत. नवरीला नेतात तशी, असं मेहुणा म्हणे.

तिथे गाडीला कॉम्प्युटर जोडत. कॉम्प्युटर म्हणे, दोष नाही.

“काका, गाडीची तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे,” सुपरवायझर तिसऱ्या खेपेला म्हणाला.

“मग पुढे जाताना रिव्हर्स का वाजतो?”

“वाजला की व्हिडिओ काढा.”

“मी गाडी चालवत असतो त्या वेळी.”

“मग कुणाला तरी शेजारी बसवा ना.”

चौथ्या खेपेला सेंटरचा मेकॅनिक स्वतः शेजारी बसला. बावीस किलोमीटर फिरले. कालव्याच्या रस्त्यानेही गेले. गाडी लोण्यासारखी चालली. उतरताना मेकॅनिक चांगुलपणाने म्हणाला, “काका, राग मानू नका. कान एकदा तपासून घ्या.”

हे वाक्य हळूशेठनी घरी कुणाला सांगितलं नाही. फाटकाशी थांबलेल्या मेहुण्याने सांगितलं.

त्या घरात हे वाक्य का जड आहे, ते समजायला त्यांच्या वडिलांकडे जावं लागतं. वडील सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाल्यावर एके दिवशी ताटावरून उठून ते बूट घालायला लागले. भोंगा झाला म्हणाले. घरच्यांनी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा झाला. पुढची चार वर्षं तो भोंगा दिवसातून तीनदा होत राहिला आणि तो फक्त त्यांनाच ऐकू येत राहिला. शेवटी त्यांना बुटांच्या नाड्या बांधता येईनात, पण भोंग्याची वेळ चुकली नाही. हे सुरू झालं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. हळूशेठना आता एकोणसाठावं चालू आहे. घरात हा हिशोब कुणी मोठ्याने मांडत नाही. प्रत्येकाने तो मनात केलेला आहे.

बायको एकदा मुद्दाम गाडीत बसून गेली. “मला बहिणीकडे सोडा,” असं निमित्त केलं. त्या दिवशी मागे न्हाणीघरातले चार लहान आरसे होते, फळ्यांच्या पेटीत. अख्ख्या रस्त्याने ती मांडीवर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून ऐकत बसली. काही वाजलं नाही.

“किती छान चालते हो गाडी,” उतरताना ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने ओठ दाबले.

“हो. छानच चालते,” हळूशेठ म्हणाले.

त्यांनी एक वही केली. तारीख, वेळ, रस्ता, गाडीत काय होतं आणि काय झालं. कुणी विचारलं तर दाखवायला, असं ते म्हणत. विचारणारं कुणी नव्हतं. बायको सांगते की ते जेवण झाल्यावर ती वही वाचत बसायचे, परीक्षेला बसल्यासारखे.

मुलगी त्याच गावात राहते आणि एका दंतवैद्याकडे काम करते. तिची मुलगी चार वर्षांची. दुपारी साडेबाराला नातीला बालवाडीतून घरी आणायचं काम आजोबांचं होतं. पिकअपची उंच सीट नातीला घोड्यासारखी वाटायची. चौथ्या खेपेनंतरच्या रविवारी मुलगी आली, चहाचा कप हातात धरून उभीच राहिली.

“बाबा, उद्यापासून तिला मी आणते.”

“तुला दुपारी सुट्टी कुठे असते?”

“मागून घेतली.”

“गाडीत खोट आहे,” हळूशेठ म्हणाले.

“सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणाले?”

“ते म्हणतात नाही.”

“कितीदा म्हणाले?”

“चारदा. ते काय रोज बसतात गाडीत?”

“आई बसली होती. मेकॅनिक बसला होता. बाबा, सगळे खोटं बोलतायत का?”

“खोटं कोण म्हणतंय? त्यांच्यापुढे वाजत नाही एवढंच.”

हे वाक्य खोलीत तसंच राहिलं. हळूशेठचे वडीलही नेमकं हेच म्हणायचे. मुलीला ते आठवत असणं अवघड आहे, ती तेव्हा सहा वर्षांची होती. पण तिची आई उठून आत गेली.

मुलगी कप खाली ठेवून म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत गाडीतली खोट सापडली तर ठीक. नाहीतर किल्ली माझ्याकडे द्यायची. मी भांडत नाहीये, बाबा. मी विनवणी करतेय.”

वातावरण हलकं करायला मेहुणा म्हणाला, “भाऊजी, भूत पाळायचंच होतं तर पुढे जाणारं तरी पाळायचं. तुमचं सारखं मागेच चाललंय.”

त्या महिन्यात हळूशेठ गाडी चालवताना टिकटिक ऐकत नव्हते. ते त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत होते. वाजला की घाम फुटायचा आणि नाही वाजला तर जास्तच. दोन वेळा काच सरकलेली त्यांच्या लक्षात आली नाही. एक तावदान कोपऱ्यात टवकलं. चौतीस वर्षांत असं घडलं नव्हतं.

महिना संपायला पाच दिवस असताना मेहुण्याने त्यांना टेस्टरकडे नेलं. टेस्टर म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारा साठीचा माणूस. जिन्याखालच्या अरुंद खोलीत त्याचं दुकान. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, त्यावरून नाव. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. त्याने बॉनेटही उघडलं नाही.

“कधी होतं?” त्याने विचारलं.

हळूशेठनी वही पुढे केली. इतक्या दिवसांत ती हातात घेणारा हा पहिलाच माणूस. टेस्टर स्टुलावर बसून अक्षर न् अक्षर वाचत गेला. अकरा नोंदी होत्या.

“मोठी काच, मोठी काच, मोठी काच,” तो बोटाने ओळी दाखवत म्हणाला. “सर्व्हिसला गाडी कशी नेता?”

“रिकामी. काच घेऊन कोण जाईल?”

“आणि ही घोडी?”

“ती पण काढून. चार बोल्ट तर आहेत.”

टेस्टरने वही मांडीवर पालथी ठेवली. “म्हणजे आजाऱ्याला बरं करून डॉक्टरकडे नेता तुम्ही. जा, घोडी कसा, काच चढवा, आणि या.”

तासाभराने ते घोडी कसून आणि सहा जाड काचा चढवून आले. वजनाने हौदा स्प्रिंगच्या पाट्यांवर चार बोटं बसला होता. टेस्टर पोतं पसरून गाडीखाली गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग खालूनच तो म्हणाला, “शेठ, कुणी तरी हौद्यावर चढा. उजव्या कोपऱ्यात उड्या मारा.”

मेहुणा काचांना धरून जपून चढला आणि टाचांवर जोर देऊन हलला. टीट, टीट, टीट. गाडीची चावी नुसती ‘चालू’वर होती, इंजिन बंद.

हळूशेठ दुकानाच्या पायरीवर बसले. मेहुण्याकडे बघून त्यांनी विचारलं, “ऐकू येतंय तुला?”

“येतंय म्हणजे काय! अख्ख्या गल्लीला येतंय, भाऊजी!” मेहुणा वरून ओरडला आणि आणखी तीनदा वाजवून घेतलं.

टेस्टरने त्यांना खाली बोलावून दाखवलं. घोडीच्या मागच्या उजव्या पायाचा लांब बोल्ट हौद्यातून खाली उतरत होता आणि त्याचं टोक वायरींच्या जाड जुडग्यात रुतलं होतं. मागचे दिवे, रिव्हर्स, इंधनाच्या टाकीतला पंप, सगळ्यांच्या वायरी तिथूनच जात होत्या. मोठी काच चढली की हौदा दबायचा, बोल्ट वायरींना चावायचा. बोल्ट काढला की वायरी पुन्हा सरळ.

“हे भोक कुणी पाडलं?” टेस्टरने विचारलं.

“मी,” हळूशेठ म्हणाले.

“इथेच का?”

“जुन्या गाडीत इथेच होतं.”

गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही चार भोकं पाडली होती. जुनी गाडी भंगारात देण्याआधी तिच्या हौद्यावर पुठ्ठा अंथरून घोडीच्या पायांची खूण उतरवून घेतली होती आणि तोच पुठ्ठा नव्या हौद्यावर ठेवून ड्रिल चालवलं होतं. एकोणीस वर्षं जिथे एकही काच फुटली नाही, ती जागा बदलायची कशाला? जुन्या गाडीत त्या जागेखाली रस्ता दिसायचा. नवीत काय आहे, ते त्यांनी वाकून पाहिलं नव्हतं. काच वाहणारा माणूस वर बघतो.

“जुन्याच्या मापाचा सदरा नव्याला शिवलात,” टेस्टर हसला. “चालायचंच.” त्याने बोल्ट कापून आखूड केला, वायरी सोलवटल्या होत्या तिथे नव्या जोडल्या आणि पूर्ण जुडगा रबरी नळीत घालून लांब बांधून टाकला.

मेहुणा तोवर गल्लीच्या तोंडाशी जाऊन फोनवर बोलत होता. “अगं, सापडली! सापडली! तुझे बाबा एकशे एक टक्के बरोबर होते. त्या सर्व्हिसवाल्यांचेच कान तपासायला पाहिजेत.”

इकडे टेस्टर हात पुसून पुन्हा वही घेऊन बसला होता. त्याला काम पुरं करायची सवय होती. कानामागची पेन्सिल काढून तो एकेका नोंदीपुढे बरोबरची खूण करत होता. मोठी काच, घोडी कसलेली, बरोबर. मोठी काच, बरोबर. नऊ खुणा झाल्या.

“ही सात तारीख,” तो म्हणाला. “दुपारी चार. गाडी अंगणात, रिकामी, घोडी उतरवलेली, चावी घरात. रिव्हर्स वाजला. हे कसं?”

हळूशेठ वाकून ती ओळ बघू लागले. त्या दिवशी ते हात धूत होते आणि आवाज आला म्हणून ओल्या हातांनी बाहेर धावले होते. शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं होतं, “काय झालं हो?” त्यांनी विचारलं होतं, “हे आत्ता वाजलं ते?” ती म्हणाली होती, “कुठे काय?”

“आणि ही,” टेस्टर पुढे म्हणाला. “गाडी आपोआप डावीकडे वळली, जुन्या वखारीपाशी जाऊन थांबली. शेठ, वायर दिवे लावील, भोंगा वाजवील, इंजिन बंद पाडील. वायर गाडी वळवत नाही.”

जुनी वखार म्हणजे हळूशेठनी पंचविशीत जिथे काच उचलायला सुरुवात केली ती जागा. ती पाडूनही बरीच वर्षं झाली, आता तिथे मोटारी उभ्या करायचं मैदान आहे. त्या दिवशी त्यांना दुसरीकडेच जायचं होतं. भान आलं तेव्हा गाडी त्या मैदानात उभी होती, नाक जुन्या फाटकाच्या दिशेला, आणि ते फाटक उघडायची वाट बघत होते. घड्याळात पंचवीस मिनिटं जास्त झाली होती. ती कुठे गेली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. वहीत त्यांनी गाडीला दोष दिला होता.

“लिहिताना काहीतरी चुकलं असेल,” टेस्टर म्हणाला. त्याला वडिलांचं काही माहीत नव्हतं. त्याने वही मिटून परत दिली.

मेहुणा हसत परत आला तेव्हा या दोन नोंदी दोनच माणसांना माहीत होत्या आणि त्यातला एक त्या विसरूनही गेला होता. येताना हळूशेठनीच गाडी चालवली. सहाही काचा मागे होत्या. कालव्याच्या रस्त्याने आले. काही वाजलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मुलगी आली, नातीला घेऊन. ती दारातूनच रडायला लागली होती. “बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला.” तिने पर्समधून बालवाडीचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. नातीला न्यायला येणाऱ्याचा फोटो असलेलं कार्ड, त्या रविवारी तिने मागून घेतलेलं. “उद्यापासून तुम्हीच आणा. ती रोज विचारते, आजोबांची गाडी कधी बरी होणार.”

बायको आतून म्हणाली, “मी म्हणतच होते.” ती तसं कधीच म्हणत नव्हती, पण त्या क्षणी तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मेहुणा टेस्टरची नक्कल करत बोल्ट कसा चावत होता ते दाखवत होता. नात त्याच्या पाठीवर चढली होती. त्या घरात कित्येक आठवड्यांनी एवढा आवाज होता.

हळूशेठनी कार्डावरचा आपला फोटो पाहिला. ते गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. त्यांची बाजू बरोबर ठरली होती, टेस्टरची पेन्सिल साक्षीला होती आणि मुलगी माफी मागत होती.

“बस जरा,” ते मुलीला म्हणाले.

“काय झालं?”

“नऊ वेळा गाडी होती.”

“म्हणजे?”

“अकरा वेळा वहीत लिहिलं मी. नऊ वेळा गाडी होती. दोन वेळा गाडी नव्हती.”

मेहुणा नक्कल करता करता थांबला. हळूशेठनी मग सगळं सांगितलं, वखारीचं मैदान, शेजारीण, पंचवीस मिनिटं. काच उतरवताना ते जसे मेहुण्याला सूचना देतात त्या आवाजात, एक एक करून, घाई न करता. सांगून झाल्यावर त्यांनी कार्ड मुलीच्या हातात परत ठेवलं.

“बाबा, दमला असाल. एखाद्या वेळी होतं असं,” मुलगी म्हणाली. आता समजूत घालायची पाळी तिची होती.

“तिला शेजारी बसवून मी तिथे जाऊन उभा राहिलो असतो तर?” ते म्हणाले.

मुलीने कार्ड पर्समध्ये ठेवलं. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती एकदम म्हणाली, “मला का नाही सांगितलंत हो?”

“तू आत उठून गेली असतीस.”

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. काही आत्ता, काही सहा महिन्यांनी, असं सांगितलं. नाव कशालाच दिलं नाही. काही गोष्टींना इतक्या लवकर नाव देता येत नाही, असं म्हणाले.

गाडी आता मेहुणा चालवतो. वेग पस्तिसापर्यंत नेतो, म्हणून वखारीतले हमाल त्याला ‘घाईशेठ’ म्हणू लागले आहेत. हळूशेठ शेजारी बसतात. त्यांचे कान अजून त्या धंद्यातले सगळ्यात चांगले आहेत. मागच्याच आठवड्यात तिसऱ्या रांगेतली काच पाव इंच सरकलेली त्यांनी चालत्या गाडीत ओळखली आणि हात वर केला. मेहुण्याने गाडी बाजूला घेतली. काच खरंच सरकली होती.

कालव्याचा रस्ता आला की मेहुणा सवयीने खिडकी आणखी थोडी खाली करतो. गाडीत कुणी बोलत नाही. एखाद्या दिवशी, झाडांच्या रांगा मागे सरकत असताना, हळूशेठची मान काही ऐकल्यासारखी किंचित तिरकी होते आणि ते मेहुण्याच्या चेहऱ्याकडे बघतात. मेहुण्याचे हात स्टिअरिंगवर सैल असतात, नजर पुढे. हळूशेठ तोंड उघडतात, मिटतात आणि समोर बघू लागतात. हात मात्र वर करत नाहीत.